सहलीकडून धम्मयात्रेकडे : वस्तुसंग्रहालये आणि युद्धस्मारके यांच्या भेटींचा अभ्यास

प्रास्ताविक

दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह पुन्हा गजबजले की मुलांच्या बोलण्यात एकच विषय असतो : यंदाची सहल कोठे जाणार? मिठबावसारख्या समुद्रकाठच्या गावातील मुलांना सहलीसाठी समुद्र नको असतो. तो त्यांच्या उंबऱ्याशीच आहे. त्यांना घाट चढून जायचे असते, मोठे शहर पाहायचे असते. शिक्षकांना मात्र गाडीभाडे, मुक्काम, जेवण आणि पालकांची संमती यांचा हिशेब जुळवायचा असतो. या धावपळीत एक प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो. मुलांना आपण वस्तुसंग्रहालयात किंवा युद्धस्मारकापाशी नेतो, ते नेमके कशासाठी?

बौद्ध विचारांवर उभ्या असलेल्या निवासी विद्यालयासाठी हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. येथील विद्यार्थ्याचा दिवस पंचशीलाने सुरू होतो आणि पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. तोच विद्यार्थी सहलीत किल्ल्याच्या तटावर, तोफेशेजारी किंवा विजयस्तंभासमोर उभा राहतो आणि छाती फुगवून छायाचित्र काढून घेतो. सकाळचे शील आणि दुपारचा अभिमान यांची सांगड त्याने कशी घालावी? ही सांगड घालण्यास त्याला साहाय्य करणे हे शिक्षकांचे, पालकांचे आणि समाजाचे काम आहे. प्रस्तुत लेखात आपल्या परिसरातील व महाराष्ट्रातील काही स्थळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. सोपाऱ्याचा शिलालेख : सहलीविषयी सम्राटाचे मत

सहल कशी असावी याविषयीचा एक अतिप्राचीन लिखित पुरावा आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर सापडला आहे. प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, हे मोठे बंदर होते. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडाही त्याच परिसरात मिळाला. त्यावरून अशोकाच्या चौदा लेखांचा संच येथेही कोरलेला असावा, असे अभ्यासक मानतात. आठव्या लेखाचा हा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

या लेखाचा आशय शिक्षकांनी अवश्य समजून घ्यावा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकारीला आणि करमणुकीला जात, असे त्यात म्हटले आहे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय काय होत असे, तेही लेखात क्रमाने दिले आहे : श्रमण व ब्राह्मण यांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरे. या यात्रेतच आपल्याला अधिक आनंद मिळतो, असेही सम्राट नमूद करतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे अशोकाने प्रवास थांबवला नाही. प्रवासाचा हेतू बदलला. दुसरी म्हणजे त्याच्या यात्रेत स्थळाइतकेच माणसांना स्थान आहे : वृद्ध माणसे, गावातील माणसे, प्रश्न विचारणारी माणसे. आपल्या सहलींमध्ये आपण स्थळ दाखवतो, पण तेथील माणसांशी मुलांचे बोलणे क्वचितच होऊ देतो. बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या दगडावर सहलीचे तीन भाग स्पष्ट आहेत : पाहणे, भेटणे आणि विचारणे. त्यांपैकी पहिला भाग आपण सांभाळला आणि उरलेले दोन बसच्या वेळापत्रकात हरवले.

२. कलिंगाचा लेख : जेत्याने मोजलेले मृत्यू

युद्धस्मारक म्हटले की जिंकलेल्याची कीर्ती डोळ्यांसमोर येते. अशोकाचा तेरावा शिलालेख या समजुतीला छेद देतो. कलिंग जिंकल्यावर दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट अधिक मरण पावली, हे आकडे जिंकणाऱ्या राजाने स्वतः कोरवून घेतले. त्यावर आपल्याला पश्चात्ताप झाल्याचेही सांगितले. ज्यांना प्रत्यक्ष इजा झाली नाही, त्यांनाही आप्त आणि मित्र यांच्या दुःखामुळे यातना होतात, इतका बारीक विचार त्या लेखात आहे. शत्रुपक्षाच्या मृतांचा आणि त्यांच्या घरच्यांच्या शोकाचा हिशेब विजेत्याने जाहीरपणे मांडावा, याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फार थोडी आहेत.

आणखी एक तपशील वर्गात चर्चेला घ्यावा असा आहे. हा तेरावा लेख इतर प्रांतांत मिळतो. परंतु कलिंगातच असलेल्या धौली आणि जौगड येथे तो नाही. तेथे त्याऐवजी दोन स्वतंत्र लेख आहेत आणि त्यांत अधिकाऱ्यांना प्रजेशी अपत्यांप्रमाणे वागण्याची ताकीद आहे. पराभूतांच्या दारात त्यांच्याच मृतांचे आकडे लावणे अशोकाला उचित वाटले नसेल काय? की तेथे असंतोष पुन्हा पेटेल अशी भीती असेल? आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. लेखात काय लिहिले आहे याबरोबर तो कोठे लिहिला आणि कोठे लिहिला नाही, हेही वाचायचे असते, हा धडा ते सहज शिकतात.

३. रत्नागिरीचा थिबा राजवाडा : पराभूताचे घर

मिठबावहून जवळ असलेले आणि बौद्ध इतिहासाशी थेट संबंध असलेले एक स्थळ म्हणजे रत्नागिरीचा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा १८८५ सालच्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात पराभूत झाला. इंग्रजांनी त्याला मंडालेहून हलवून आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणले. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला हा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजाचे रत्नागिरीतच निधन झाले. मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. आज त्या वास्तूत प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे.

ही कथा एकटी सांगू नये. तिच्या जोडीला दुसरी सांगावी. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी रंगूनला पाठवले आणि तो १८६२ साली तेथेच वारला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! साम्राज्य कसे चालते हे समजावून सांगायला या दोन ओळी पुरेशा आहेत. ब्रह्मदेश जिंकणाऱ्या फौजेत भारतीय पलटणीही होत्या, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

याच ठिकाणी आपल्या श्रद्धेचीही परीक्षा होते. थिबा बौद्ध राजा होता म्हणून तो निर्दोष ठरत नाही. तो गादीवर आल्यानंतर १८७९ साली राजघराण्यातील अनेक आप्तांची हत्या करण्यात आली होती. बुद्धाचे नाव घेणाऱ्या राजसत्तेकडूनही क्रौर्य घडू शकते, ही गोष्ट बौद्ध शाळेने आपल्या मुलांपासून लपवू नये. परंपरा ही कसोटीवर घासून घ्यायची असते, हेच तर बुद्धाने कालामांना सांगितले.

४. कोरेगावचा स्तंभ : नावे वाचण्याचे शिक्षण

आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत मोठे युद्धस्मारक पुण्याजवळ भीमा नदीच्या काठी आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे सैन्य यांच्यात दिवसभर लढाई झाली. कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली कंपनीचे सुमारे आठशे लोक होते. पेशव्याची फौज सुमारे अठ्ठावीस हजारांची सांगितली जाते. मात्र गावावर प्रत्यक्ष चालून गेलेले सैनिक सुमारे दोन हजार होते. हे दोन्ही आकडे मुलांना एकत्र सांगावेत. यामुळे पराक्रम कमी होत नाही, मात्र अभ्यास अधिक खरा होतो. कंपनीकडील सुमारे पावणेतीनशे लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. रात्री पेशव्याचे सैन्य मागे सरले. स्तंभाची कोनशिला २६ मार्च १८२१ रोजी बसवण्यात आली. त्यावर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत मजकूर आहे.

या स्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची ४९ नावे असून त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद आहे. त्यावरून ते महार सैनिक होते हे ओळखता येते. उरलेल्यांत मराठा, राजपूत, मुसलमान आणि कोकणातील बेने इस्रायल समाजातील सैनिक आहेत. ज्यांची सावली अपवित्र मानली जात होती, त्यांची नावे दगडावर कोरली गेली आणि ती पुसता आली नाहीत. या स्मारकाचे महत्त्व त्या अक्षरांत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी येथे आले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले.

तथापि, हा स्तंभ कंपनीने स्वतःच्या कीर्तीसाठी उभारला होता, हेही तितकेच खरे आहे. ज्या सरकारने महार सैनिकांची नावे कोरली, त्याच सरकारने १८९२ साली त्यांची लष्करातील भरती बंद केली. महाडजवळच्या रावढळ गावचे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर ती मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. दगडावर नाव आणि भरतीच्या कचेरीचे दार बंद, असा हा इतिहास आहे. स्तंभासमोर उभे राहताना मुलांना दोन्ही सांगावेत. नुसत्या अभिमानाने मूल घोषणा द्यायला शिकते. अभिमानाला या इतिहासाची जोड मिळाली, तर ते हक्क मागायला शिकते.

एक व्यावहारिक सूचना : मुलांना १ जानेवारीला नेऊ नये. त्या दिवशी लाखो अनुयायी येतात आणि अभिवादन होते, पण वाचन होत नाही. वर्षातील एखादा साधा दिवस निवडावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एक नाव वहीत उतरवून घ्यावे. शेवटी शिक्षकांनी विचारावे : पेशव्यांच्या बाजूने पडलेल्यांची नावे कोठे आहेत? त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असेल. कलिंगाचा लेख ज्याने वाचला आहे, त्याला हा प्रश्न आपोआप सुचतो.

५. माणगाव, महाड आणि गावोगावच्या पाट्या

मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव येथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कोकणी सैनिक १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना वीरगतीला प्राप्त झाले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातील एका शेतकरी कुटुंबातील तरुण इटलीच्या डोंगरात कोणाच्या युद्धासाठी लढला? त्या काळी कोकणातील घरांना मनीऑर्डरचा आधार होता. ती मुंबईच्या गिरणीतून येई, बोटीवरून येई किंवा पलटणीतून येई. शौर्याबरोबर पोटाचाही इतिहास शिकवावा.

त्याच रस्त्यावर महाड आहे. तेथे तोफ नाही, तलवार नाही. केवळ पाण्याचे एक तळे आहे. १९२७ च्या परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तेव्हा जमलेल्यांत सैन्यात राहून आलेली माणसेही होती. हात उगारण्याची ताकद आणि शिक्षण दोन्ही त्यांच्यापाशी होते. बाबासाहेबांनी संयमाचा आदेश दिला आणि त्यांनी तो पाळला. शस्त्र चालवू शकणाऱ्या माणसाने ते न चालवणे हा पराक्रमच आहे. म्हणून आपल्या अभ्यासक्रमात चवदार तळे हेही युद्धस्मारकांच्या यादीत असावे.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने देशातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक युद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, असे दोन आकडे त्यांवर असतात, नावे नसतात. कोरेगावला नावे आहेत, येथे केवळ संख्या आहे. हा फरक मुलांच्या मनात चटकन उतरतो, कारण वसतिगृहातील प्रत्येक मुलाला हजेरीत आपले नाव पुकारले जाण्याचे मोल ठाऊक असते.

६. शील आणि स्मारक यांची सांगड

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे दिले आहे. संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले. म्हणजे बाबासाहेबांनी मांडलेल्या बुद्धचरित्राच्या मुळाशीच युद्धविरोध आहे. त्याच बाबासाहेबांनी कोरेगावला अभिवादन केले आणि महार रेजिमेंटच्या स्थापनेचा पाठपुरावा केला. ते स्वतः सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र होते. पलटणीतील शाळेमुळे त्यांच्या घरात अक्षर आले होते.

ही विसंगती आहे असे घाईने म्हणू नये. सैन्यात जाण्याचा अधिकार हा समान नागरिकत्वाचा प्रश्न होता. एखाद्या समाजाला जन्मावरून शस्त्र धरण्यास अपात्र ठरवणे ही स्वतःच एक हिंसा आहे. त्या हिंसेविरुद्धचा लढा आणि युद्ध टाळण्याचा प्रयत्न या दोन्ही गोष्टी एकाच विवेकातून येतात. असे असले तरी येथे ताण उरतोच आणि तो मुलांपासून झाकण्याची गरज नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज सैन्यात किंवा पोलीस दलात आहेत, त्यांना तो आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. शाळेने त्यांना बोलवावे आणि मुलांनी त्यांना विचारावे.

जपानमधील शाळांची उदाहरणे याबाबत मार्गदर्शक आहेत. तेथील असंख्य शाळा आपल्या सहली हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयाकडे नेतात. अणुबाँबच्या किरणोत्सर्गामुळे आजारी पडून १९५५ साली वारलेल्या सादाको सासाकी या बारा वर्षांच्या मुलीच्या स्मरणार्थ तिच्या वर्गमित्रांनी निधी गोळा करण्यास सुरुवात केली आणि १९५८ साली मुलांचे शांतता स्मारक उभे राहिले. स्मारके केवळ सरकारेच उभारतात असे नाही. शाळकरी मुलेही उभारू शकतात.

७. भेटीची पद्धत

भेटीपूर्वी : एका तासात नकाशा, काळपट आणि तीन प्रश्न द्यावेत. स्मारक कोणी उभारले, केव्हा उभारले आणि खर्च कोणी केला, हे ते प्रश्न. पुण्यातील दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक १९९८ साली नागरिकांच्या वर्गणीतून झाले, तर कोरेगावचा स्तंभ कंपनीने उभारला. पैसा कोणाचा हे कळले की स्मारकाचा आवाज कोणाचा हेही कळते.

भेटीच्या वेळी : संग्रहालयातील सर्व दालने पाहण्याचा अट्टहास सोडावा. प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिच्यासमोर पंधरा-वीस मिनिटे बसावे, तिचे चित्र काढावे आणि खालची पाटी शब्दशः उतरवावी. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर (बांधकामाचा आरंभ १६६४) शिवरायांच्या दूरदृष्टीबरोबरच दगड घडवणारे पाथरवट, चुना मळणारे हात आणि होड्या हाकणारे कोळी-गाबीत यांचा विचार मुलांकडून करवून घ्यावा. स्मारकापाशी दोन मिनिटे शांत उभे राहावे, त्यानंतर छायाचित्र.

भेटीनंतर : आठवड्याच्या आत प्रत्येकाने आपल्या घरी किंवा वाडीत एका वृद्ध व्यक्तीशी बोलून एक पान लिहावे. अशोकाच्या धम्मयात्रेतील ‘वृद्धांची भेट’ ती हीच.

८. माजी विद्यार्थी आणि पालक यांना आवाहन

सहलीचा खर्च अनेक घरांना जड जातो आणि मागे राहणारे मूल नेहमी त्याच घरांतील असते. एस.टी. महामंडळ शालेय सहलींना सवलत देते. तरीही काही भार उरतोच. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने वर्षाला एका मुलाचा सहलखर्च उचलला, तर वसतिगृहातील एकही मूल मागे राहणार नाही.

दुसरे आवाहन बिनखर्चाचे आहे. आपल्या गावातून, आपल्या घराण्यातून जे कोणी पलटणीत गेले असतील, त्यांची नावे, जुनी पेन्शनपत्रे, पदके, पत्रे यांची माहिती शाळेकडे पाठवावी. मूळ वस्तू घरीच ठेवाव्यात. नक्कल पुरेशी आहे. शाळेत त्यांची एक नोंदवही असावी. जे घरी परतले त्यांची नावे स्मारकांवर येत नाहीत. जे परतून गप्प राहिले, त्यांच्या आठवणी तर घरच्यांनाही ठाऊक नसतात. त्या पिढीतील माणसे झपाट्याने कमी होत आहेत. संगमरवरी पाटीवरील आकड्यांना नावे देण्याचे काम आपल्या मुलांच्या हातून झाले, तर ते सर्वांत मोठे शिक्षण ठरेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विहारयात्रा आणि धम्मयात्रा यांतील फरक आपल्या शेवटच्या सहलीच्या आधारे स्पष्ट करा.
२. तेरावा शिलालेख कलिंगात का कोरला नसावा? आपले मत कारणांसह मांडा.
३. कोरेगावच्या स्तंभावर नावे आहेत आणि गावच्या पाटीवर आकडे आहेत. यांपैकी कोणते स्मारक अधिक बोलते? का?
४. चवदार तळ्याला युद्धस्मारक म्हणावे काय?
५. आपल्या गावात एकच स्मारक उभारायचे झाल्यास त्यावर कोणाची नावे लिहाल आणि ती कोणाला विचारून ठरवाल?